दहा हजारांचं बजेट, जुनं कार्ड आणि १६२५चा आकडा

नाशिकच्या सिडकोतल्या पवननगरात माझी भाची राहते. इंटिरियर डिझाइनचं दुसरं वर्ष. तिच्या कॉम्प्युटरवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एका स्वयंपाकघराचं एक चित्र रेंडर व्हायला, म्हणजे हिशोब होऊन तयार व्हायला, ५२ मिनिटं लागत होती. तेवढा वेळ मशिनला हात लावायचा नाही, आणि चित्र पूर्ण झाल्यावर कळायचं की ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग चुकलाय. मग परत ५२ मिनिटं. २०२५च्या दिवाळीनंतर एका रात्री तिचा फोन आला, "मामा, मशिन बनवताना तू म्हणाला होतास ना, ग्राफिक्स कार्ड नंतर टाकता येईल? ते नंतर आता आलंय."

म्हणालो होतो खरा. ते मशिन मीच २०२२मध्ये जोडून दिलं होतं. रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. ५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच असतं, म्हणून कार्डावाचून तीन वर्षं निभावलं. पण सायकल्स हे ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन प्रोसेसरच्या सहा कोअरवर चालतं तेव्हा बिचारा प्रोसेसर बैलासारखा राबतो आणि नांगरट काही संपत नाही.

दाजींनी बजेट सांगितलं, दहा हजार. दाजींचा आकडा एसटीच्या तिकिटासारखा असतो, त्यात घासाघीस नाही. या पैशात नवं कार्ड म्हणून दुकानदार जीटी ७३०सारखं काहीतरी पुढे करत होते. तिच्या प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स त्याहून बरं आहे. म्हणजे पैसे देऊन मागे जायचं. तेव्हा जुनंच बघायचं ठरलं, आणि बघायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये आहे, कॉम्प्युटरचं दुकान माझं नाही. पण घरात ज्याच्याकडे स्क्रूड्रायव्हरचा सेट, त्याच्याकडे सगळी दुरुस्ती.

भाव विचारायच्या आधी मी तिचं कॅबिनेट उघडलं. जुनं कार्ड घेताना लोक आधी कार्ड शोधतात आणि मग ते बसतं का ते बघतात. मला हे उलटं वाटतं. एसएमपीएसच्या लेबलवर मोठ्या अक्षरात काय छापलंय त्याला मी फार किंमत देत नाही, मी १२ व्होल्टची ओळ वाचतो. तिथे ३६ अँपिअर होतं, म्हणजे ४३२ वॅट. ठीक. चांगल्या प्रतीचा होता, तेव्हा तीनशे रुपये जास्त दिल्याचं आता समाधान वाटलं. प्रोसेसर भर लोडला ९० वॅटच्या आत. बोर्ड, डिस्क, पंखे धरून आणखी ५०. कार्डाला १६० वॅट दिले तरी बेरीज ३००. मात्र कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची वायर एकच. म्हणजे दोन कनेक्टर मागणारं कार्ड बाद. मोलेक्सचं, म्हणजे डिस्कच्या जुन्या चार पिनांच्या वायरीचं, कन्व्हर्टर लावून दुसरा कनेक्टर तयार करणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांच्या वितळलेल्या पिनाही मी पाहिल्या आहेत. आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो आणि स्लॉटमधून ७५ मिळतात, ही मापं काही हौसेने ठरवलेली नाहीत.

दुसरी गोष्ट स्लॉटची. ५६००जी लावल्यावर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआयईच्या जुन्या, ३.० वेगाने चालतो. यामुळे एक मोहाचं कार्ड आपोआप कटलं. एका ओळखीच्या माणसाकडे जेमतेम वापरलेलं आरएक्स ६५०० एक्सटी साडेआठ हजारांत होतं, बॉक्ससकट. २०२२चं कार्ड, वॉरंटी संपायला वेळ होता. पण त्याला बोर्डाशी बोलायला चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, आहेत. पीसीआयई ४.०वर चार लेन चालून जातात. ३.०वर तीच वाट निम्म्या रुंदीची होते. वर कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी.

ही ४ जीबीची गोष्ट भाचीला पटेना, कारण तिचा धाकटा भाऊ चार जीबीवर सगळे गेम चालतात म्हणून सांगत होता. तेव्हा तिच्याच फाइलवर हिशोब मांडला. तिने लाकूड, टाइल, पडद्याचं कापड, सगळ्यांची टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायची चित्रं, ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलची वापरली होती. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एक टेक्श्चर ६४ एमबी. एका मटेरियलला तीन नकाशे, एक रंगाचा, एक चकाकीचा, एक उंचसखलपणाचा. अशी वीस मटेरियल म्हणजे ३८४० एमबी. रंग नसलेले नकाशे कमी जागा घेतात, त्यामुळे हा कमाल आकडा झाला, पण अजून भूमिती आलेलीच नाही आणि विंडोजचा वाटाही बाकी आहे. डिस्कवर जेपीजी तीन एमबीची दिसते म्हणून फसायला होतं. कार्डात ती उलगडून बसते, घडी घातलेली साडी आणि वाळत घातलेली साडी यात जो फरक तोच. ६ जीबीच्या खाली बघायचं नाही, हे तिथेच ठरलं.

भाच्याचा जीव मात्र आरएक्स ५८०वर. कॉलेज रोडकडचं एक गेमिंग कॅफे बंद होत होतं आणि तिथली ८ जीबीची कार्डं साडेपाच हजारांना निघाली होती. आठ जीबी, अर्ध्या बजेटमध्ये! "मामा, यात नाही म्हणण्यासारखं काय आहे?"

नाही म्हणण्यासारखं एकच होतं, पण ते पुरेसं होतं. डिसेंबर २०२१मध्ये ब्लेंडर ३.० आलं आणि त्यातून ओपनसीएल, म्हणजे कार्डाकडून हिशोब करून घ्यायची एक पद्धत, काढून टाकलं गेलं. आरएक्स ५८० हे एएमडी कंपनीचं, आणि एएमडीची जुनी कार्डं सायकल्समध्ये त्याच वाटेने चालायची. पुढे जी हिप नावाची नवी वाट आली, ती २०१७च्या आरएक्स ५८०पर्यंत पोहोचलीच नाही. म्हणजे कार्ड बसेल, गेम चालतील, आणि ब्लेंडर सेटिंग्जमध्ये त्याची दखलही घेणार नाही. स्वयंपाकघर परत ५२ मिनिटांचंच. एवढं होऊनही भाचा मला ते बघायला घेऊन गेलाच. तिथे कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड लावून शेडर, म्हणजे कार्डातले हिशोब करणारे छोटे घटक, मोजले तर २०४८. खऱ्या ५८०ला २३०४ असतात. २०४८वालं हे चीनच्या बाजारासाठी काढलेलं रूप, आतून ५७०च म्हणा. कॅफेवाल्याने फसवलं असं म्हणता येत नाही, कार्डाच्या नावातच '२०४८ एसपी' होतं. जाहिरातीत तेवढं गळलं होतं.

मग दुसरी कंपनी, एनव्हिडिया. जीटीएक्स १०६०चे भाव ऐकायला गोड होते, पण २०१६ची ही पास्कल पिढी. ऑक्टोबर २०२५मध्ये एनव्हिडियाने पास्कलचे नेहमीचे ड्रायव्हर थांबवले. यापुढे २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. अजून दोन-तीन वर्षं कॉलेजात काढायची असताना आत्ताच पेन्शनीत निघालेलं कार्ड का घ्या? उरली दोन. जीटीएक्स १६६० सुपर आणि आरटीएक्स २०६०. दोन्ही २०१९ची, दोन्ही पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीची, दोघांना ६ जीबी जीडीडीआर६ मेमरी, दोघांना आठ पिनांचा एकच कनेक्टर. सुपर १२५ वॅट, २०६० १६० वॅट. गेममध्ये फरक आहे, पण डोळ्यात भरण्याइतका नाही. ब्लेंडरमध्ये मात्र २०६०कडे रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढायचे, वेगळे कोअर असल्यामुळे ते वापरणारी ऑप्टिक्सची सेटिंग लावली की ते सुपरच्या दुपटीच्या आसपास जातं. तेव्हा भाव सुपरचा आठ हजारांच्या आगेमागे होता, २०६०चा बारा हजारांच्या. बजेट दहा. थट्टाच.

बजेटचा मान राखून आधी सुपर बघायला गेलो.

नाशिकरोडला, जेल रोडच्या बाजूला, डिप्लोमाला असलेला एक मुलगा साडेसात हजार मागत होता. रविवारी सकाळी द्वारकेच्या चौकातली गर्दी काढून पोहोचलो. तिसरा मजला, आईने पोहे पुढे केले, मुलगा अदबीने 'काका काका' करत होता. कार्ड मशिनमध्ये लावलेलंच होतं आणि गेम चालू करून ठेवला होता. चित्र स्वच्छ. पंखे बिनआवाजाचे. मी पेनड्राइव्हवरून जीपीयू-झेड उघडलं. शेडर १४०८, मेमरीची वाट (बस) १९२ बिट, सगळं बरोबर.

या खिडकीत क्लॉकच्या, म्हणजे कार्ड आणि त्याची मेमरी किती वेगाने चालतात त्याच्या, दोन ओळी असतात. वर चालू वेग, खाली कंपनीने ठरवून दिलेला. लोक नाव आणि जीबी बघून खिडकी बंद करतात, मीही कितीदा केली असेल. त्या दिवशी पोहे संपायचे होते म्हणून बघत बसलो. खालच्या ओळीत मेमरी १७५०. वरच्या ओळीत १६२५.

"आफ्टरबर्नर आहे का रे यात?"

होतं. कार्डाचा वेग कमी-जास्त करायचा हा प्रोग्राम, विंडोजबरोबर आपोआप चालू होणारा, मेमरीचा काटा उणे ५००वर ओढून ठेवलेला. आफ्टरबर्नर त्याच्या मापात ५०० कमी करतं, ते जीपीयू-झेडच्या मापात १२५ दिसतं. गणित जुळलं. मी विचारून रीसेट दाबलं आणि ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्राममध्ये मेमरीची चाचणी लावली. पहिली तीन मिनिटं चुका शून्य. चौथ्या मिनिटाला ३. मग बघता बघता ११७. त्यानंतर गेम उघडला तर आकाशात हिरवे ठिपके, मोहरी तडतडल्यासारखे.

कार्डातली मेमरीची एखादी चिप पूर्ण वेगाने दम सोडत होती, आणि वेग कमी करून ते झाकलं होतं. ही सेटिंग कार्डात साठत नाही, त्या मशिनच्या विंडोजमध्ये राहते. मी कार्ड काढून घरी आणलं असतं तर त्याच रात्री ठिपके आले असते आणि विकणारा शपथेवर म्हणाला असता, 'माझ्याकडे तर चालत होतं.' खोटंही नसतं ते. जुनी कार्डं घरी येताच 'आजारी' पडतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ मला इथे दिसतं.

पोराचा चेहरा उतरला. त्याने ते वर्षभरापूर्वी एकाकडून घेतलं होतं आणि विकणाऱ्याने सांगितलं होतं, 'आफ्टरबर्नर काढू नकोस, कार्ड थंड राहतं.' याने काढलं नाही. साडेसात हजारांना माझ्याकडे येऊ घातलेली फसवणूक याने आधी नऊ हजारांना विकत घेतली होती. मी त्याला म्हटलं, उणे ५००वर तुझं काम चालतंय तोवर वापर, आणि विकायचंच झालं तर हे सांगून वीक. त्याने मान हलवली. विकताना सांगेल का, हे मी धरून चाललो नाही.

परतताना मायनिंगचा, म्हणजे कार्डं अखंड चालवून क्रिप्टो चलन कमावण्याचा, विचार डोक्यात होता. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने पद्धत बदलली, कार्डांवरचं मायनिंग एका दिवसात बिनकामाचं झालं आणि ती कार्डं बाजारात उतरली. आज 'मायनिंग केलंय का?' हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर सगळीकडे 'छे, नाही' असंच येतं. प्रश्नच सोडून द्यावा. अखंड एका तापमानावर चाललेल्या कार्डाचे पंखे आणि चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारे थर्मल पॅड झिजतात, ते दिसतं आणि बदलता येतं. मला भीती वाटते ती हीटगन मारलेल्या कार्डाची. मेलेल्या कार्डाला भाजून महिनाभर जिवंत करतात आणि त्या महिन्यात विकतात. त्याची खूण चिपच्या कडेला सापडते, झाळकामात वापरतात त्या फ्लक्सचा, वाळलेल्या मधासारखा पिवळा ओघळ, जवळच्या कनेक्टरचं प्लास्टिक किंचित वाकलेलं. मी घड्याळवाल्याकडचं डोळ्याला लावायचं भिंग आणि टॉर्च घेऊनच जातो. विकणाऱ्याला विचित्र वाटतं, वाटू दे.

आरटीएक्स २०६० गंगापूर रोडला मिळालं. आयटीतला माणूस, नवं कार्ड घेतलेलं, जुनं कपाटात. बिल २०२०चं, सिरीयल नंबर जुळणारा, वॉरंटी केव्हाच संपलेली. मागणी साडेबारा. यावेळी मी शहाणा झालो होतो. माझं स्वतःचं चाचणीचं मशिन ॲक्टिव्हाच्या पायरीवर, दोन पायांमध्ये गोणपाटात गुंडाळून नेलं. त्यांच्या सोसायटीचा वॉचमन मला केबलवाला समजला.

शेडर १९२०. मेमरी दोन्ही ओळींत १७५०. ओसीसीटीत अर्धा तास एकही चूक नाही. तिन्ही पोर्टांना मॉनिटर लावून बघितला. पाठीमागचे स्क्रू कोरे, फ्लक्स नाही. कार्ड मुद्दाम तापवणारं फरमार्क लावलं आणि तापमान चढत चढत ८२ला टेकलं, पंखे जवळपास पूर्ण वेगाने, त्यातला एक टिकटिक करत. मालक म्हणाले, "८२ म्हणजे मर्यादेतच आहे की."

मर्यादेत होतं, पण डिसेंबरातल्या नाशिकमध्ये. माझ्याकडच्या थर्मामीटरवर खोलीचं तापमान १९ होतं. कार्ड खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर जातं ते महत्त्वाचं, इथे ६३. पवननगरातली भाचीची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब थेट डोक्यावर, मे महिन्यात दुपारी आत ३६ तरी. ३६ अधिक ६३ केल्यावर जे येतं तिथे कार्ड पोहोचणारच नाही, त्याआधी स्वतःच वेग पाडून बसेल. थंडीत जुनं कार्ड घेणाऱ्याने ही बेरीज करावीच. उन्हाळ्यात घेणाऱ्याला ती फुकट करून मिळते.

ही बेरीज मी मालकांसमोर कागदावर मांडली. चिप आणि हीटसिंकमधली पाच वर्षांची पेस्ट वाळली आहे, एका पंख्याचं बेअरिंग जाणार आहे, दोन्ही मला करावं लागेल. त्यांनी पंखा कानाला लावून ऐकला आणि हसून साडेअकरावर आले. मी अकरावर होतो. चहा झाला, ११,२०० ठरलं. कोऱ्या कागदावर सिरीयल नंबर, तारीख, 'सात दिवसांत बंद पडल्यास परत' आणि दोघांच्या सह्या. या कागदाला कोर्टात काय वजन असेल देव जाणे, पण सही करायला जो कचरतो त्याच्याकडून मी घेत नाही.

वरचे १,२०० कुठून आणायचे? भाऊबीजेला मी शिफ्टवर होतो, ताईची ओवाळणी राहिली होती. ती मी यात घातली. ताई म्हणाली, "ओवाळायचं मी आणि कार्ड हिला?" दाजी काही बोलले नाहीत, त्यांचा आकडा शाबूत होता.

पेस्ट बदलणं पंधरा मिनिटांचं काम, फक्त पॅडांशी खेळ नको. मेमरीवरचे पॅड किती जाडीचे ते व्हर्नियरने मोजलं आणि जे फाटले नव्हते ते तसेच ठेवले. जाड पॅड घातला तर हीटसिंक वर उचलला जातो आणि मुख्य चिपला टेकतच नाही, मग नवी पेस्ट लावून कार्ड आधीपेक्षा गरम. मागे एकदा दुसऱ्याच्या कार्डावर हे मी करून बसलो आहे, तेव्हापासून व्हर्नियर. पंखा साडेपाचशेला मागवला. सगळं बसवल्यावर २० अंशांच्या खोलीत फरमार्क ६८, आणि पंख्यांना वर जायला बरीच जागा शिल्लक. ब्लेंडर फरमार्कइतकं तापवतही नाही.

कार्ड कॅबिनेटमध्ये जाताना हार्ड डिस्कचा पिंजरा दोन सेंटिमीटर आड आला. लांबी मोजायची तेवढी मी विसरलो होतो. डिस्क खालच्या कप्प्यात सरकवली.

पहिल्यांदा रेंडर दाबलं तेव्हा ५२ मिनिटंच दाखवायला लागलं, आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. ब्लेंडरच्या प्रेफरन्समध्ये ऑप्टिक्स निवडायचं आणि शिवाय सीनमध्ये डिव्हाइस म्हणून जीपीयू निवडायचं, अशी दोन कुलपं आहेत. दुसरं राहिलं होतं. ते उघडल्यावर तेच स्वयंपाकघर पाच मिनिटं दहा सेकंदांत तयार झालं. ग्रॅनाइटचा रंग परत चुकलेलाच होता. तिने बदलला, परत दाबलं आणि चहा ठेवायला गेली. आधण येईपर्यंत ओटा बदलला होता.

मार्चमध्ये नाशिकरोडच्या त्या पोराचा मेसेज आला. उणे ५००वर आता ठिपके येतायत, उणे ७०० करू का? मी लिहिलं, सरकपट्टी तेवढी खाली जाणार नाही, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर ये आणि ते कार्ड माझ्याकडे आण, मेमरीची चिप बदलणारा कोणी भेटतोय का बघू. तो आणून देऊन गेला. सध्या ते माझ्या कपाटात आहे, वर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय, 'मेमरी खराब, विकू नये'.